समोआची जुनी तिकिटे : खरी कोणती, खोटी कोणती?

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद तुमच्यापैकी काहींना असेल. नसला तरी आजोबांच्या कपाटात एखादी जुनी वही सापडण्याचा संभव आहेच. अशी वही चाळताना समजा एक निळे तिकीट तुमच्या हाती लागले. त्यावर कोणा राजाराणीचे चित्र नाही. ‘समोआ’ आणि ‘एक्सप्रेस’ हे इंग्रजी शब्द आहेत, आणि किंमत ‘वन पेनी’ अशी अक्षरांत दिलेली आहे. तिकिटांच्या सूचीत शोध घेतला तर हे तिकीट १८७७ सालचे म्हणून दाखवलेले सापडते. लगेच मनात येते, याची किंमत काय असेल? पण त्याच्याही आधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे. हे तिकीट खरे कशावरून?

समोआच्या या पहिल्यावहिल्या तिकिटांच्या बाबतीत हा प्रश्न फारच महत्त्वाचा आहे. कारण जगभरच्या वह्यांमध्ये ही तिकिटे पुष्कळ आढळतात. पण त्यांतली ज्यांना खऱ्या अर्थाने टपालाची तिकिटे म्हणता येईल अशी थोडी असतात. बाकीची कोणती आणि ती ओळखायची कशी, हे या लेखात पाहू या. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एक चांगले भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि पाचवी-सहावीचा गुणाकार एवढ्यावर बरेच काम भागते.

वर्तमानपत्रासाठी टपाल

समोआ हा दक्षिण पॅसिफिक महासागरातील बेटांचा समूह. हवाई बेटे आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मधोमध तो तुम्हांला नकाशात सापडेल. त्यातील पश्चिमेकडील बेटांचा देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९७ पासून त्याचे नाव नुसते समोआ असे आहे. आपिया ही त्याची राजधानी. १८७७ साली मात्र तेथे सरकारी टपालखाते असे काही नव्हते. स्थानिक सरदारांची आपसांत भांडणे चालू होती, आणि ब्रिटन, जर्मनी व अमेरिका हे तिघेही बेटांवर डोळा ठेवून होते.

अशा ठिकाणी टपाल सुरू केले ते एका वर्तमानपत्राच्या मालकाने. त्याचे नाव ग्रिफिथ्स. या गृहस्थाने आधी फिजी बेटांवर ‘फिजी टाइम्स’ हे वर्तमानपत्र काढले होते आणि त्याचे अंक गावोगाव पोहोचवण्यासाठी १८७० मध्ये तेथे स्वतःचे टपाल व स्वतःची तिकिटेही काढली होती. तोच प्रयोग त्याने समोआत केला. ऑक्टोबर १८७७ मध्ये ‘समोआ टाइम्स’चा पहिला अंक निघाला आणि त्याच सुमारास ‘समोआ एक्सप्रेस’ची तिकिटे विक्रीला आली. ती छापली होती ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या एस. टी. ली आणि कंपनीच्या छापखान्यात. ऑगस्ट १८८१ मध्ये वर्तमानपत्र बंद पडले आणि टपालही संपले. म्हणजे सारा कारभार जेमतेम चार वर्षांचा!

आता गंमत पाहा. टपाल संपले, पण तिकिटे संपली नाहीत. टपाल बंद झाले तेव्हा कचेरीत तिकिटांचा साठा शिल्लक होता. त्यात दोन पेन्सचे गुलाबी तिकीट असेही होते, जे प्रत्यक्ष विक्रीला कधी आलेच नाही. शिवाय मूळ तिकिटे बंद झाल्यावर मागाहून आणखी तिकिटे छापण्यात आली. छापणाऱ्यांना ठाऊक होते की युरोप-अमेरिकेतले संग्राहक दूरच्या लहान देशांच्या तिकिटांसाठी पैसे मोजतात. आणि या सर्वांवर कडी म्हणजे, ज्यांचा समोआशी काडीचाही संबंध नव्हता अशा लोकांनी आपापल्या घरी नकला छापल्या. अशा निदान सहा निरनिराळ्या नकला तज्ज्ञांनी नोंदल्या आहेत. त्यांतील बहुतेक ओबडधोबड आहेत; एक मात्र बरीच फसवी आहे.

तेव्हा तुमचे निळे तिकीट चार प्रकारांपैकी एक असू शकते. एक, १८७७ ते १८८१ मध्ये खिडकीवर विकले गेलेले मूळ तिकीट. दोन, शिल्लक साठ्यातले. तीन, मागाहून केलेले पुनर्मुद्रण. चार, शुद्ध बनावट. ‘खरे की खोटे’ हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, तो यामुळे. पुनर्मुद्रित तिकिटातली रेषा न् रेषा मूळ आकृतीतूनच उतरलेली असते. खोटे काय असेल तर ‘हे टपालासाठी छापले’ हा त्याचा दावा. माझ्या मते अशा तिकिटाला वहीतून हाकलून देण्याचे कारण नाही. खाली ‘पुनर्मुद्रण’ असे स्वच्छ लिहून ते खुशाल चिकटवावे. बाजारात मात्र त्याला जवळजवळ काही किंमत नाही.

दगडावरची छपाई

ही तिकिटे छापली होती शिळाछापावर. आपल्याकडे गेल्या शतकाच्या आधीच्या कितीतरी पोथ्या शिळाछापाच्या आहेत. भारताचे १८५४ सालचे निळे अर्ध्या आण्याचे तिकीटही कलकत्त्याला असेच दगडावर छापले गेले. राजा रविवर्म्याची देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली तीही याच पद्धतीने. लोणावळ्याजवळ मळवलीला त्याचा छापखाना होता.

शिळाछापाचे तत्त्व अगदी साधे आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. एका विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने आकृती काढतात. मग दगड ओला करतात. जेथे तेलकट रेषा असते तेथे पाणी टिकत नाही. उरलेला दगड ओला होतो. आता छपाईच्या तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषांना चिकटते. वर कागद दाबला की ठसा उमटतो. दगडावर खाच नसते, उंचवटाही नसतो. त्यामुळे शिळाछापाचे तिकीट भिंगाखाली सपाट दिसते. याच्या उलट, खोदीव पत्र्यावरून छापलेल्या कागदावर शाईच्या रेषा किंचित वर आलेल्या असतात. आपल्या नोटेवरील गांधीजींच्या चित्रावरून नखाचा कडेचा भाग हलकेच फिरवून पाहा, म्हणजे फरक कळेल. आणि आजच्या ऑफसेट यंत्रावर रंगीत छायाचित्रावरून काढलेली नक्कल असेल, तर भिंगातून रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात दिसते तशी. १८७७ च्या तिकिटात ती असणे शक्यच नाही. ही पहिली चाळणी. तिच्यातून आजकालच्या सगळ्या नकला गळून पडतात.

पण १८८० च्या सुमाराची नक्कल त्याच पद्धतीने, दगडावरच छापलेली असेल तर? तेव्हा दुसरी चाळणी लावायची. ती आकृतीतल्या दोषांची.

एका दगडावर वीस तिकिटे हवी असली तर चित्रकार वीस वेळा चित्र काढत बसत नाही. तो एकच मूळ आकृती तयार करतो. तिचे ठसे तेलकट शाईत एका खास कागदावर घेतात आणि ते ओळीने दगडावर उतरवतात. आता असे पाहा: मूळ आकृतीत एखादी रेषा तुटली तर त्यानंतर उतरवलेल्या प्रत्येक ठशात ती तुटकीच येणार. कोणी ती हाताने दुरुस्त केली तर त्यापुढच्या सगळ्या ठशांत ती दुरुस्ती दिसणार. म्हणजे दोषांवरून तिकिटे कोणत्या क्रमाने छापली गेली हे सांगता येते.

ही युक्ती तुमच्या गुरुजींना चांगली ठाऊक असते. दोन मुलांची उत्तरे बरोबर असतील तर कोणी कोणाचे पाहून लिहिले ते कळत नाही. पण दोघांचीही एकच विचित्र चूक झाली असेल तर लगेच कळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना देशभरच्या हस्तलिखितांची कुळे लावली गेली, तेव्हा कोणते पाठभेद आणि कोणत्या चुका कोणकोणत्या पोथ्यांत समान आहेत याचा असाच कस लागला.

समोआ एक्सप्रेसच्या आकृतीच्या चार अवस्था अभ्यासकांनी ठरवल्या आहेत. ‘एक्सप्रेस’ या इंग्रजी शब्दातील ‘एक्स’ अक्षराच्या वरची बारीक रेषा भिंगाखाली धरा. पहिल्या अवस्थेत ती सलग आहे. दुसऱ्या अवस्थेत ती बहुधा तुटलेली असते. तिसऱ्या अवस्थेत ती कोणीतरी जाडसर हाताने जोडून घेतलेली दिसते. चौथ्या अवस्थेत एक नवीनच खूण येते: ‘समोआ’तील ‘एम’ अक्षराच्या मधल्या काडीखाली रंगाचा एक ठिपका.

एक पेनीच्या तिकिटात आणखी एक खूण आहे. ‘पेनी’ या शब्दापुढे काही तिकिटांवर पूर्णविराम दिसतो. पहिल्या अवस्थेच्या एका तावावर तो निदान आठ तिकिटांवर आहे, दुसऱ्या अवस्थेच्या तावावर तिनांवर, आणि तिसऱ्यात फक्त एकावर. हा टिंब कोणी ठरवून कमी केला असेल असे वाटत नाही. प्रत्येक वेळी ठसे नव्याने उतरवले गेले आणि एवढीशी खूण दर वेळी अधिकाधिक ठिकाणी उतरायची राहिली, हेच कारण पटते.

आता चौथ्या अवस्थेतल्या ठिपक्याचा अर्थ लावू. चौथ्या अवस्थेतले मूळ तिकीट एकच आहे: १८८० मधले नऊ पेन्सचे. दुसऱ्या कोणत्याही किमतीचे तिकीट त्या अवस्थेत खिडकीवर विकले गेले नाही. तेव्हा तुमच्या निळ्या एक पेनीच्या तिकिटावर ‘एम’खाली ठिपका दिसला तर ते मूळ तिकीट नव्हे, शिल्लक साठ्यातले किंवा पुनर्मुद्रित. एका शिलिंगाच्या तिकिटाला तोच न्याय, पाच शिलिंगांच्या तिकिटाला तोच. बहुसंख्य तिकिटांचा निकाल या एका ठिपक्यावर लागतो.

मग ठिपका नसेल तर तिकीट मूळ मानायचे का? नाही! पुनर्मुद्रणांपैकी काहींवर ठिपका इतका फिका असतो की दिसत नाही, आणि काहींवर तो नसतोच. म्हणजे ठिपका ‘असणे’ बरेच सांगते; ‘नसणे’ फारसे सांगत नाही. हा भेद नीट ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

तावाची भूमिती

आता या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग. तिकिटे एकमेकांपासून सहज फाडता यावीत म्हणून तावावर छिद्रांच्या ओळी पाडतात. तिकीट फाडले की कडेला दाते राहतात. समोआ एक्सप्रेसच्या मूळ तिकिटांना छिद्रे पाडताना काम थोडक्यात आटोपलेले दिसते. तिकिटांच्या मधे छिद्रे पाडली, पण तावाच्या चारही बाहेरच्या कडा तशाच सोडल्या. त्यामुळे ज्या तिकिटाची एखादी बाजू तावाच्या कडेला येत होती, ती बाजू दात्यांविना सरळ राहिली.

पहिल्या अवस्थेतली एक, तीन व सहा पेन्सची तिकिटे वीस-वीसच्या तावात छापली होती: आडव्या ओळीत पाच आणि अशा चार ओळी. तिसऱ्या अवस्थेतील एक पेनीचेही तसेच. बाकी सर्व मूळ तिकिटे दहा-दहाच्या तावात होती: पाच-पाचच्या दोनच ओळी.

वहीच्या चौकटीच्या पानावर हे दोन ताव आखा. आधी वीसचा. कडेला न लागणारी, पूर्णपणे आत असलेली घरे किती? आडवी ओळ पाचची. दोन्ही टोकांची घरे वजा जाता तीन. उभे चार, वरची व खालची ओळ सोडली तर दोन. तीन दुणे सहा. या सहा तिकिटांनाच चारही बाजूंनी दाते असतील. चार कोपऱ्यांतल्या तिकिटांच्या दोन बाजू सरळ असतील आणि उरलेल्या दहांची एक.

आता दहाचा ताव पाहा. ओळी दोनच! वरच्या ओळीतले प्रत्येक तिकीट वरच्या कडेला लागते, खालच्या ओळीतले खालच्या. आत असे एकही घर उरत नाही. चार कोपऱ्यांना दोन सरळ बाजू, बाकी सहांना एक. आणि चारही बाजूंनी दाते असलेले तिकीट एकही नाही.

म्हणून नऊ पेन्सचे, एक शिलिंगाचे, दोन शिलिंगांचे किंवा पाच शिलिंगांचे समोआ एक्सप्रेस तिकीट चारही बाजूंनी दातेरी असेल, तर ते मूळ तिकीट असूच शकत नाही. रंग कितीही हुबेहूब असो, कागद कितीही जुना असो, विकणारा कितीही शपथा घेवो. तिकीट हातात न घेता, नुसते त्याचे छायाचित्र पाहूनही हे सांगता येते. एवढा कडक निकाल देणारी कसोटी तिकिटांच्या अभ्यासात क्वचितच मिळते. आणि तिला लागते काय, तर पाच गुणिले दोन!

सर्वसाधारण माणूस याच्या नेमके उलटे करतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याला चारही बाजूंनी सुबक दाते असलेले तिकीट ‘चांगले’ वाटते आणि एक बाजू सरळ असलेले ‘खराब झालेले’ वाटते. सरळ कडेची तिकिटे निकामी समजून फेकून देणारे संग्राहक पूर्वी होते, आजही आहेत.

अर्थात ही गोष्ट बनावट माल विकणाऱ्यालाही कळते. त्याच्याजवळ कात्री असतेच. चारही बाजूंनी दातेरी पुनर्मुद्रित तिकीट घ्यायचे आणि एका बाजूचे दाते कापून टाकायचे, की झाली सरळ कड! तेव्हा येथेही मघाचा भेद लावायचा. चारही बाजूंना दाते असणे हे ‘मूळ नाही’ म्हणून सांगते. एक कड सरळ असणे हे ‘मूळ आहे’ म्हणून सांगत नाही. फक्त ‘मूळ असू शकेल’ एवढेच सांगते.

कात्री लावलेली असेल तर ती पकडण्याचाही उपाय आहे. आकृतीच्या चौकटीपासून छिद्रांच्या ओळीपर्यंत जितका कोरा कागद असतो, त्याहून सरळ बाजूचा कोरा कागद रुंद असेल तर मनाला बरे वाटते. कारण कापलेला कागद वाढत नाही. तो अरुंद असेल आणि कडेवर कोठे छिद्राचा अर्धवट वळसा उरला असेल, तर कात्री चालली हे उघड आहे. शिवाय तावावरील प्रत्येक जागेच्या ठशात काही बारीकसारीक दोष त्या जागेपुरतेच असतात. ते ओळखता आले, की ‘हे तिकीट वरच्या ओळीत डावीकडून तिसरे’ असे सांगता येते. मग वरच्या ओळीतल्या तिकिटाची खालची कड सरळ कशी, असा उलट प्रश्न विचारता येतो!

दात्यांची संख्याही मोजावी. त्याचे माप जगभर एकच ठरलेले आहे: दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात ते. समोआ एक्सप्रेसच्या मूळ तिकिटांत दोन मापे आढळतात, एक सुमारे बारा (काटेकोर मोजले तर ११.८) आणि दुसरे साडेबारा. पट्टीचे शून्य एका खाचेच्या मध्यावर धरून वीस मिलिमीटरपर्यंत मोजा. तिकीट लहान असल्याने तेवढी लांबी मिळाली नाही तर दहा मिलिमीटरांत मोजून दुप्पट करा. चूक मात्र दुप्पट होईल. घरी आलेल्या एखाद्या पाकिटावरील भारतीय तिकिटावर आधी हात बसवून घ्या.

रंगाविषयी फार लिहीत नाही, कारण त्याची साक्ष कच्ची असते. उन्हात, ओलाव्यात, खराब डिंकाच्या संगतीत रंग बदलतात. नवशिके नेमके रंगावरच भांडतात.

शिक्का काय सांगतो?

तिकीट वापरलेले असेल तर त्यावर शिक्का हवा. येथे इतिहास मदतीला येतो. समोआत टपाल सुरू झाले तेव्हा कचेरीत शिक्काच नव्हता! ‘आपिया समोआ’ अशी अक्षरे असलेला शिक्का मार्च १८७८ मध्ये येऊन पोहोचला. तोपर्यंत तिकिटे लेखणीने रेघ मारून रद्द केली जात. तेव्हा ऑक्टोबर १८७७ ते फेब्रुवारी १८७८ या काळातली तारीख दाखवणारा सुंदर गोल शिक्का दिसला तर हुरळून जाऊ नका. आणि शाईची ओबडधोबड रेघ असलेले तिकीट ‘घाण’ म्हणून बाजूला टाकू नका.

पूर्ण पाकीट हाती लागले तर आणखी एक तपासणी करता येते. समोआ एक्सप्रेस हे एका माणसाचे खाजगी टपाल. दुसरे देश त्याच्या तिकिटांना मानत नव्हते. परदेशी जाणारे पत्र जहाजाने न्यू साउथ वेल्स, न्यूझीलंड किंवा अमेरिका येथे उतरत असे आणि तेथे त्या त्या देशाचे तिकीट त्यावर आणखी लागत असे. म्हणून आपियाहून लंडनला गेलेल्या पाकिटावर एकटेच समोआचे तिकीट असेल तर संशय घ्यायलाच हवा. मात्र आपिया आणि तेथून जवळच असलेले राज्यकारभाराचे ठाणे मुलिनू यांच्यामध्ये या टपालाची नियमित ने-आण होती. त्या पत्रांवर एकटे एक्सप्रेसचे तिकीट असणे अगदी योग्य आहे. एकच पुरावा एका पत्त्यावर संशयास्पद आणि दुसऱ्या पत्त्यावर बिनतोड!

खोट्या पाकिटाने होणारे नुकसान पैशांपुरते नसते. अशा लहान देशाच्या त्या काळच्या व्यवहाराचे कागद मुळात थोडे उरलेले असतात. कोणते जहाज केव्हा आले, पत्र कोणत्या मार्गाने गेले, हे अभ्यासक अशा पाकिटांवरून जुळवतात. त्यांत एक बनावट पाकीट शिरले, तर जे जहाज त्या दिवशी आलेच नाही ते आले असे पुस्तकात छापले जाते.

प्रयोगशाळेची मदत

आता यंत्रांकडे वळू. त्यांतले सर्वांत साधे म्हणजे जंबुपार किरणांचा दिवा. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चकाकी देणारी रसायने मिसळण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. ही रसायने जंबुपार किरणांत निळसर पांढरी चमकतात. १८७७ च्या तिकिटाचा कागद असा चमकला, तर पुढचे काही पाहायचे कारण उरत नाही. हा दिवा वापरताना तो डोळ्यांकडे वळवू नका आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरा.

दुसरे तंत्र आपल्या अभिमानाचे आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्यात लावलेला शोध तुम्हांला ठाऊक आहे. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशातला थोडासा भाग किंचित निराळ्या रंगाचा होऊन बाहेर येतो, आणि हा फरक पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. हेच तत्त्व सूक्ष्मदर्शकाला जोडले की शाईच्या एका कणावर लेसरचा बारीक झोत टाकून तो कोणत्या रंगद्रव्याचा आहे हे सांगता येते. तिकिटाला ओरखडासुद्धा उठत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शास्त्रज्ञांनी हवाई बेटांच्या १८५१-५२ मधील खऱ्या तिकिटांची आणि त्यांच्या नकलांची अशी तुलना केली व ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. हवाई हेदेखील तेव्हा एक लहानसे स्वतंत्र राज्य होते.

पण ही यंत्रेसुद्धा आपल्या त्याच जुन्या अटीने बांधलेली आहेत. तिकिटाच्या काळी अस्तित्वातच नसलेले रंगद्रव्य सापडले तर तिकीट नक्की खोटे. न सापडले तर? तेव्हाची शाई तेव्हाच्या नकलाकारालाही दुकानात मिळत होती!

या दृष्टीने जाँ द स्पेराती या माणसाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तो इटलीत जन्मला आणि फ्रान्समध्ये राहिला. तो स्वस्तातले, पण खरे जुने तिकीट घेई, रसायनांनी त्यावरची छपाई धुऊन टाकी आणि त्याच कागदावर महाग तिकिटाची आकृती छापी. कागद खरा, दाते खरे, जुनेपणा खरा, कधी कधी शिक्कादेखील खरा. खोटी फक्त आकृती. १९४२ मध्ये त्याने पोर्तुगालला पाठवलेली तिकिटे फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पकडली आणि परवान्याशिवाय मौल्यवान वस्तू बाहेर पाठवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. तो सांगू लागला, ‘अहो, या मी केलेल्या नकला आहेत!’ कोणाचा विश्वास बसेना. तिकिटे तपासायला दिली ती लिओंच्या पोलीस प्रयोगशाळेचे प्रमुख एदमाँ लोकार यांच्याकडे. गुन्हेशास्त्रात त्यांचे नाव मोठे. त्यांनी तिकिटे खरी ठरवली! शेवटी स्पेरातीला आपण नकलाकार आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याच तिकिटांच्या आणखी प्रती करून दाखवाव्या लागल्या.

लोकार यांचे चुकले कोठे? कागद, दाते आणि शिक्का यांची साक्ष एकत्र आली तेव्हा ती तीन वेगवेगळ्या साक्षीदारांची वाटली. प्रत्यक्षात ते तिघे एकाच घरचे होते. तिघेही त्या स्वस्तातल्या खऱ्या तिकिटाबरोबर आयते आलेले. साक्षीदार किती आहेत यापेक्षा ते एकमेकांवर अवलंबून आहेत की नाहीत, हे आधी पाहावे लागते. समोआच्या तिकिटात ‘एक्स’वरची रेषा दगडाची साक्ष देते, सरळ कड तावाची, लेखणीची रेघ टपालकचेरीची आणि शेजारचे न्यू साउथ वेल्सचे तिकीट जहाजाच्या मार्गाची. या चौघांना एकाच माणसाने पढवून ठेवणे बरेच कठीण.

तरीही शंका उरली तर तिकीट तज्ज्ञांच्या मंडळाकडे पाठवतात. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीचे असे मंडळ १८९४ पासून काम करीत आहे. तिकीट पाहून ते छायाचित्रासह दाखला देते. त्यावर लिहिलेले असते ते मंडळाचे ‘मत’. आणि कधी कधी, सगळी तपासणी झाल्यावर, मत देता येत नाही असेही ते कळवते.

तुमच्यासाठी एक कोडे देऊन ठेवतो. समोआ एक्सप्रेसची पुनर्मुद्रणे चाळीसच्या तावात, आडव्या ओळीत आठ आणि अशा पाच ओळी, छापली गेली. समजा, या तावाच्याही बाहेरच्या कडांना छिद्रे पाडली नसती, तर चारही बाजूंनी दातेरी तिकिटे किती निघाली असती? आणि तशी किती तिकिटे कात्री न लावताच मूळ तिकिटांसारखी दिसली असती? उत्तर काढून झाले की वर्गातल्या मित्राचे उत्तर पाहा. दोघांचेही चुकले असेल, तर चूक एकच आहे का तेही पाहा.